फुलवातीचा ताप

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. म्हणाले, सिस्टर, तुमची चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात गेली, दिवाळी अंकासाठी बाळंतपणाच्या दोनचार आठवणी लिहा, वाचकांना आवडतात. मी म्हटलं, बाळंतपणं केली तेवढी केली, पण निम्मी नोकरी ड्रेसिंग रूममध्ये गेली आणि तिथल्या आठवणींना वास असतो. मग म्हणाले, चालेल, पण सांभाळून लिहा. तर सांभाळूनच लिहिते आहे. तरी चकली तोंडात असेल तर ती आधी संपवून घ्या.

दवाखाना आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा. नाव लिहीत नाही, कारण तिथले काहीजण अजून नोकरीत आहेत आणि मला बाजारात भेटतात. ड्रेसिंग रूम म्हणजे एक टेबल, एक उंच स्टूल, कोपऱ्यात धुण्याची मोरी आणि वाफेवर निर्जंतुक केलेल्या पट्ट्यांचे दोन गोल डबे. काम सांगायला सोपं. जखम उघडायची, सलाईनने धुवायची, सडलेलं असेल ते काढायचं, खोल असेल तर गॉजची पट्टी आत भरायची आणि बांधून टाकायचं. उद्या पुन्हा तेच. जखम तळातून वर भरत यावी लागते. वरची कातडी आधी मिटली की घरचे खूश होतात, पण पू आत कोंडून राहतो आणि चार दिवसांनी सगळं पुन्हा फाडावं लागतं. नवी असताना मलाही अशा वरून मिटलेल्या जखमा फार आवडायच्या. दिसायला छान दिसायच्या.

नवी असताना मी किती शहाणी होते तेही सांगून टाकते. पुसदहून आले होते, टोपीला कडक खळ, चालताना बुटांचा आवाज यावा अशी चाल. जखमेकडे एक नजर टाकायची आणि कारण सांगायची. हा विळा. हा बैल. हा भांडणात लागलेला तवा. बऱ्याच वेळा बरोबर यायचं, तीच पंचाईत झाली. आमचे ड्रेसर गुलाबभाऊ, चौथी शिकलेले, माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. ते म्हणायचे, "बाई, तुमी दवाखान्यात कायले आल्या जी? पोलिसात पायजे होत्या." मला ते कौतुक वाटायचं. घरी जाऊन मी ते सांगितलंसुद्धा.

पुढे वीस वर्षांनी टोपी गेली, केस पिकायला लागले, पण खोड तशीच होती. त्या सुमाराला तरणेताठे पुरुष कोपराच्या घडीत गळू घेऊन यायला लागले. काय झालं विचारलं की बाभळीचा काटा. मी रजिस्टरमध्ये लिहायची, काटा. पुन्हा काटा. पुन्हा काटा. शेवटी एकदा गुलाबभाऊंनी ट्रे धुता धुता विचारलं, "बाई, बाभूय नेमकी कोपराच्या आतच टोचते काय जी? अन् एकाच मानसाले दर पंधरा दिवसानं?"

मी रजिस्टर मिटून ठेवलं. एवढ्या काट्यांना पुरेल इतकी बाभूळ आमच्या तालुक्यात नव्हतीच.

ते काय टोचून घेत होते हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. शहराकडून एक भुरकट पूड यायची. ती मिळाली नाही की दुखण्याच्या गोळ्या कुटून. नशा म्हणजे काय ते मला फारसं कळत नाही आणि त्यावर भाषण करणारे पुष्कळ आहेत. मला कळतं ते नशेच्या सोबतीने जे आत जातं त्याबद्दल. पूड एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा प्रत्येक हात थोडी काढून घेतो आणि वजन भरायला काहीतरी टाकतो. खडू, दुधाची पावडर, पिठीसाखर, कुठल्यातरी तिसऱ्याच गोळीचा चुरा. त्यात काय आहे ते घेणाऱ्याला माहीत नसतं, आणि विकणाऱ्यालाही नसतं. गोळीचं दुखणं वेगळं. गोळीत औषध असतं चिमूटभर. बाकी सगळं गोळीला आकार यावा, ती यंत्राला चिकटू नये म्हणून घातलेलं असतं, स्टार्च आणि शंखजिरं, म्हणजे आपण अंगाला पावडर लावतो त्यातलं. गोळी पोटात गेली तर पोट ते मुकाट्याने खाली पाठवून देतं. रक्ताला अशी खाली पाठवायची सोय नाही. ते कण फिरत फिरत फुफ्फुसाच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात आणि तिथेच मुक्काम करतात. आमच्या डॉक्टरसाहेबांनी एकदा असा एक एक्स-रे खिडकीला धरून दाखवला होता. तिशीतला माणूस, दोन पायऱ्या चढला की धापा टाकायचा. फुफ्फुसांवर कोणीतरी बारीक रवा सांडल्यासारखं दिसत होतं.

आता मोहन टेलरचं सांगते. सांगायचं नव्हतं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मोहनने काटा म्हटल्याबरोबर मी त्याची दुसरी बाही वर केली. तिथेही तेच. मग मी त्याला जे झापलं ते बाहेर बाकांवर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. बाप शेतात राबतो, तू हे धंदे करतो, वगैरे. एवढ्यावर थांबले असते तरी बरं. त्याच्या गावाकडे जाणाऱ्या माणसाजवळ मी बापाला निरोप धाडला. आपण केलं ते योग्यच केलं याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. त्या दिवशी मी जेवलेही चांगली.

मोहन पुन्हा ड्रेसिंगला आला नाही. दोन महिन्यांनी आला तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं टोकापासून काळी पडली होती. कोपराच्या शिरा बंद झाल्या म्हणून त्याने मनगटाजवळ टोचलं होतं आणि सुई शिरेऐवजी धमनीत गेली होती. शीर रक्त हृदयाकडे नेते, धमनी बोटांकडे. गोळीचा सगळा चुरा सरळ बोटांत जाऊन अडकला. हात सुजल्याबरोबर आला असता तर बोटं वाचली असती का, असं मी डॉक्टरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला मात्र एक सांगता येत होतं. तो आला नाही, कारण ड्रेसिंग रूममध्ये मी होते.

टेलरची उजव्या हाताची तीन बोटं. पुढे तो एका कापडाच्या दुकानात लागला. मी तिथे गेले की तो आतल्या खोलीत जातो. मी आता दुसऱ्या दुकानातून घेते.

त्यानंतर वर्षभराने विजू आला. दारव्हा ते बोरी अरब जीप चालवायचा. बत्तीस वर्षांचा, बोलायला गोड, दात पानाने लाल. डाव्या कोपरात लिंबाएवढं गळू. "काटा लागला जी," म्हणाला. मी तोंड उघडलं आणि गुलाबभाऊंनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. त्यांचा पाय चांगला जड होता. मी तोंड मिटलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, गळू. नुसतं गळू.

त्या दिवशी मी एकच ठरवलं. या माणसाला बरं करायचं, सुधारायचं, ते नंतर. हा उद्या पुन्हा आला पाहिजे. येत राहिला तर हात वाचेल, कदाचित माणूसही वाचेल. नाही आला तर मोहनच्या वाटेने जाईल, किंवा त्याच्याही पुढे. गप्प बसणं मला किती जड गेलं ते कुणाला सांगू? माझ्या सासूबाई हयात असत्या तर तिकीट काढून बघायला आल्या असत्या.

विजू येत राहिला. सोबत त्याची आई यायची, वच्छलाबाई. पोराला काटा लागला यावर तिचा पूर्ण विश्वास होता, निदान तसं ती दाखवायची. आम्ही आत ड्रेसिंग करायचो तेव्हा ती व्हरांड्यात भिंतीला टेकून फुलवाती वळत बसायची. घरच्या वावरातला कापूस, सरकी काढून बोटांनी मोकळा केलेला, त्याचा गोळा करून वरचं टोक दुधाच्या बोटाने पिळायचं की झाली फुलवात. आमच्या कापसाच्या मुलखात बायकांचे हात असे रिकामे राहत नाहीत. एकदा मला म्हणाली, "माह्या फुलवाती कमी होऊन राह्यल्या व बाई. डब्बा भरून ठेवला का चार दिवसात निम्मा. देव तं येवढ्या जाळत नाय."

मी म्हटलं, उंदीर. आणि तिला उंदरांच्या बंदोबस्तावर दहा मिनिटं सविस्तर सांगितलं.

गळू तळातून छान भरत आलं, पण विजूला ताप यायला लागला. एकदम हुडहुडी भरायची, दात वाजायचे, अंग मोडून यायचं, डोकं फुटायला व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत. आठवड्यातून एकदोनदा असं. मी तत्काळ निदान केलं, हिवताप. रक्त तपासलं, हिवतापाचे जंतू नाहीत. मी म्हटलं तपासणाऱ्याचं चुकलं. पुन्हा तपासलं, नाहीत. तिसऱ्यांदा आमच्या लॅबवाल्याने काच माझ्या हातात दिली आणि अदबीने म्हणाला, मॅडम, तुम्हीच शोधून द्या, मी जेवून येतो.

मग एक दिवस ड्रेसिंगसाठी विजूने शर्ट काढून खिळ्याला अडकवला आणि खिशातून दोन फुलवाती खाली पडल्या. एक पांढरी. दुसरी भुरकट, डागाळलेली, कडक झालेली. विजूचं तोंड भिंतीकडे होतं. गुलाबभाऊंनी डागाळलेली उचलली, उजेडात धरली, ट्रेमध्ये टाकली आणि पांढरी जिथल्या तिथे खिशात ठेवून दिली.

विजू गेल्यावर म्हणाले, "बाई, हा हिवताप नाय. हा जिनातला ताप हाये."

जिन म्हणजे जिनिंग, जिथे कापसातली सरकी काढतात. गुलाबभाऊंचा भाऊ हंगामाला तिथे जायचा. पहिल्या आठवड्यात नवे मजूर संध्याकाळी घरी येतात ते कुडकुडत, सकाळी पुन्हा कामावर हजर. सुट्टीनंतरच्या दिवशी जास्त. ते कापसाच्या धुळीमुळे होतं. गुलाबभाऊ म्हणाले, नाकातून गेला तर हे हाल, यानं तर सरळ रक्तात घातला.

पूड कालवलेलं पाणी कापसाच्या बोळ्यातून ओढून घेतात, कचरा अडावा म्हणून. तो बोळा आईच्या फुलवातीचा होता. मी डॉक्टरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे. कापसाच्या झाडावर, बोंडावर काही जंतू राहतात, झाडाला त्यांचा त्रास नसतो, रक्तात गेले की अर्ध्या तासात थंडी वाजते. एवढे शिकलेले डॉक्टरसाहेब आणि लॅबवाला, वीसबावीस वर्षं जखमा बघितलेली मी, आणि आमच्या आधी चौथी शिकलेल्या माणसाने ओळखलं. मी लॅबवाल्याला चहा पाजला. त्याने तो हसत हसत प्यायला.

दुसऱ्या दिवशी विजूला मी अगदी हळू आवाजात विचारलं. माझा हळू आवाज ऐकून तो जास्तच घाबरला असावा.

"विजू, फुलवात कायले लागते रे तुले?"

त्याने आधी दाराकडे पाहिलं. बाहेर आई होती. मग म्हणाला, "माईले सांगू नका जी." आणि मग, जरा दुखावल्यासारखा, "देवाचा कापूस हाये, शिस्टर. घरच्या वावरातला. फवाराबी मारला नाय. दुकानच्या कापसात काय काय रायते कोनाले माहीत?"

मला हसू आलं. यायला नको होतं. ज्या पुडीत काय आहे ते चार जिल्ह्यांत कोणाला ठाऊक नाही, ती हा माणूस स्वच्छतेसाठी देवाच्या कापसातून गाळून घेत होता. पण हसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की तो खरोखर काळजी घेत होता. जवळ होतं त्यातलं सगळ्यात शुद्ध त्याने निवडलं होतं. आमच्याकडचा दुसरा कोणीही माणूस हेच करेल. घरचा कापूस म्हणजे स्वच्छ, हे आम्ही लहानपणापासून धरून चालतो.

त्यावर बोलून उपयोग नव्हता. मी दोन वाट्यांत कोमट पाणी घेतलं. एकीत दवाखान्याचा कापूस टाकला. तो पाणी पिऊन बुडाला. दुसरीत त्याच्या खिशातली पांढरी फुलवात टाकली. ती तरंगत राहिली, होडीसारखी. कच्च्या कापसाला स्वतःचं तेल असतं, तो पाणी धरत नाही. दवाखान्याचा कापूस कारखान्यात उकळून, धुऊन, तेल काढून येतो. हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं आणि मला सांगायला फार आवडतं. मग मी फुलवात पाण्यात दाबली, चुरगळली, पिळली. पाणी गढूळ झालं. पानाचा चुरा, काळे ठिपके, आणि कुठल्यातरी किड्याचा एक पाय.

विजू वाकून बघत राहिला. म्हणाला, "उकयून घेतला तं?"

"जंतू मरन. पन त्याचं मढं तिथंच रायते. ताप त्या मढ्यानंच येते."

हे त्याला पटलं. माणसाला जंतू पटत नाहीत, मढं पटतं.

तिसऱ्या वाटीत मी दवाखान्यातली साधी दुखण्याची गोळी चुरून टाकली, ढवळली आणि वाटी तशीच ठेवली. त्याचं ड्रेसिंग होईस्तोवर तळाला पांढरा थर बसला होता. म्हटलं, हे देवाच्या कापसाने अडत नाही आणि माझ्याही कापसाने पुरतं अडत नाही. बारीक असतं ते निघून जातं आत. ते कुठे जाऊन बसतं ते मी त्याला सांगितलं. रवा सांडलेल्या एक्स-रेचं सांगितलं. मोहनचं नाव न घेता बोटांचं सांगितलं.

इथे एक कबूल करते. हा कापूस घेऊ नको असं मी त्याला म्हणाले, म्हणजे दुसरा घे असंच झालं की ते. घेऊच नको, असं मी त्या दिवशी म्हणाले नाही. जीभ वळवळत होती. डॉक्टरसाहेब म्हणाले, मोठ्या शहरांत अशा माणसांना नव्या सुया देणारी केंद्रं असतात, तिथेच नशा सोडायच्या उपचाराचीही वाट दाखवतात. आमच्या आसपास तसं काही नव्हतं. विजूकडे पुढे नव्या सुया कुठून यायच्या हे मला विचारू नका. माझी पेन्शन चालू आहे.

हुडहुडी थांबली. वच्छलाबाईच्या फुलवातीही कमी व्हायच्या थांबल्या. मला म्हणाली, तुम्ही सांगितलं तसं केलं, उंदीर गेले. मी म्हटलं, जातातच.

वर्षभर असं चाललं. विजू अधूनमधून यायचा, कधी गळू घेऊन, कधी नुसताच. आणि मी, माझं ते वाट्यांचं यश डोक्यात गेलेलं, दर वेळी त्याला नवी भीती घालायची. ओरडायचं नाही हे शिकले होते, म्हणून गोड आवाजात भीती घालायची. हृदयाच्या झडपांवर जंतू कसे बसतात. पाय कसा काढावा लागतो. तो मान डोलवायचा, हो जी, बरोबर हाये जी. सोडायच्या उपचाराला नागपूरला जातो म्हणायचा आणि जायचा नाही. मग एक महिना तो दिसलाच नाही. दुसराच कोणी जीप चालवत होता. मी गुलाबभाऊंना म्हटलं, गेला हा. मीच जास्त भीती घातली. गुलाबभाऊंनाही तसंच वाटत होतं.

एका सकाळी ओपीडी नुकती सुरू झाली होती आणि विजूला त्याच्याच जीपमधून आणलं. दुसरा ड्रायव्हर आणि वच्छलाबाई, दोघांनी धरून आत घेतलं. नऊ दिवस ताप उतरला नव्हता. हा फुलवातीचा ताप नव्हता, तो एका दिवसात जातो. विजूचे गाल आत गेले होते, ओठ सुकले होते, खोकल्यातून रक्ताची रेघ येत होती. डॉक्टरसाहेबांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, झडपेवर जंतू बसलेत. यवतमाळला पाठवायचा, गाडी सांगा. पण बीपी पडलंय, आधी सलाईन आणि शिरेतून औषध सुरू झालं पाहिजे. तसाच पाठवला तर पोचणार नाही.

शीर शोधण्यात माझा हात चांगला होता. हे मी आतापर्यंत सांगितलं नाही, यावरून माझा विनय लक्षात घ्या. तापाने सुकलेली बाळं, ऐंशीच्या म्हाताऱ्या, सगळ्यांसाठी दुसऱ्या वॉर्डातून मला बोलावणं यायचं. मी विजूचा उजवा हात घेतला. शीर नव्हतीच, तिच्या जागी सुतळी होती. खडू, चुरा, शंखजिरं आणि वर्षानुवर्षांच्या सुया, यांनी शीर आतून भरून जाते आणि कडक होते. बोटाखाली लागते, पण सुई टोचली तर रक्त येत नाही. डावा हात तसाच. हाताची मागची बाजू, मनगट, अंगठ्याच्या मुळाशी. पहिला प्रयत्न गेला. दुसरा गेला. डाव्या पायावर तिसरा गेला. डॉक्टरसाहेब म्हणाले, मानेतून बघावं लागेल, आणि त्यांच्या आवाजावरून मला कळलं की त्यांना ते करायचं नव्हतं. आमच्याकडे त्याची धड सोय नव्हती. वच्छलाबाई पायाशी उभी होती. तिने काहीच विचारलं नाही. मला वाटतं तिला सगळंच आधीपासून माहीत होतं.

मी पुन्हा उजव्या हातावर थापट्या मारायला लागले. विजूने डोळे उघडले.

"शिस्टर. तिथं नाय."

आवाज इतका बारीक की मी खाली वाकले.

"उजव्या पायाले पाहा. दोरा हाये तिथं."

उजव्या घोट्याला काळा दोरा बांधलेला होता, असा आमच्याकडे निम्म्या लोकांच्या पायात असतो, दृष्ट लागू नये म्हणून. मी दोरा वर सरकवला. घोट्याच्या आतल्या बाजूने एक शीर सरळ वर गेली होती, निळी, मऊ, भरलेली, अठरा वर्षांच्या पोराच्या पायात असावी तशी. एक टोचा नाही तिच्यावर.

"ही कधी वापरली नाय," विजू म्हणाला. "तिथं माहा हात जाऊ नये म्हून दोरा बांधला. कधी मले इथं आनावं लागलं, तं तुमाले एक सापडली पायजे."

सुई पहिल्या टोच्यात गेली. यात माझी काही हुशारी नाही, पत्ता त्यानेच दिला होता. सलाईन सुरू झालं, औषध गेलं, गुलाबभाऊंनी पट्टी चिकटवली आणि दोरा न कापता तिच्या वरच्या बाजूला नीट बसवून दिला. तासाभराने बीपी जरा वर आलं तेव्हा गाडी निघाली. वच्छलाबाई सलाईनची बाटली धरून बसली होती. तिच्या हातात पहिल्यांदाच कापूस नव्हता.

विजू दीड महिना तिकडच्या मोठ्या दवाखान्यात होता. जगला. झडप गळते ती गळतेच, चढ चढला की दम लागतो, जीप सुटली. तिथूनच त्याला सोडायच्या उपचाराला पाठवलं. एकदा घसरला, पुन्हा गेला. आता बरीच वर्षं झाली, घेत नाही असं तो सांगतो. मी विचारत नाही, तरी सांगतो. दारव्ह्याच्या स्टँडवर जीपचे नंबर लावायचं काम करतो, आणि मी गेले की मला पुढची सीट मिळते.

मागे एकदा अशीच जीप भरायची वाट बघत आम्ही बोलत बसलो होतो. मी विचारलं, तो दोरा तू बांधला तरी कधी? माझा आपला अंदाज होता, वाट्यांच्या प्रयोगानंतर, मी घातलेल्या भीतीमुळे. कौतुक झालं तर ते कसं घ्यायचं, याची मनात थोडी तयारीही करून ठेवली होती.

विजूने सुपारी दुसऱ्या गालात घेतली.

"तुमच्याकडं पयल्यांदा फोड घेऊन आलतो ना, त्याच्या आधीचाच हाये जी."

मी म्हटलं, बरं. आणि दोन चहा सांगितले.